उभे राहायला जागा : अमेरिकेतील कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांच्या संस्था

१९९२ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये डोनाल्ड वुड्स या कृष्णवर्णीय कवीचा अंत्यविधी होता. वय अवघे ३४. वुड्स एड्सविषयी प्रबोधनपर चित्रपट काढणाऱ्या संस्थेचे कार्यकारी संचालक होते. आपण समलिंगी आहोत हे त्यांनी कवितेत किंवा व्यासपीठावर कधी लपवले नव्हते. पण वृत्तपत्रातील निधनवार्तेत मृत्यूचे कारण हृदयक्रिया बंद पडणे असे छापून आले आणि अंत्यविधीतही त्यांच्या आयुष्याच्या या बाजूविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. तेव्हा मूळचे हैतीचे कवी असोटो सेंट आपल्या जागेवरून उठले, पुढे गेले आणि त्यांनी जमलेल्यांना सांगितले की डोनाल्ड हा अभिमानाने जगलेला समलिंगी पुरुष होता आणि तो एड्सने गेला. सेंट स्वतःही एचआयव्हीबाधित होते. जून १९९४ मध्ये तेही गेले.

मयताच्या घरी असे बोलावे का, हा प्रश्न आपल्याला पडेल. तो तेव्हा तिथेही पडला असणार. मुलगा गमावलेल्या कुटुंबाला त्याच वस्तीत, त्याच चर्चमध्ये पुढची वर्षे काढायची असतात. त्यांच्या मौनाला दुःखाची आणि भीतीची कारणे असतात. पण ज्या मित्रांसोबत वुड्स लिहीत होते, ज्यांच्यात ते मोकळेपणाने वावरत होते, त्यांच्या दृष्टीने हे मौन म्हणजे त्यांचा माणूस दुसऱ्यांदा मरणे होते. सेंट यांच्या धैर्याचे कौतुक पुष्कळ झाले आहे. या लेखाचा विषय मात्र त्या धैर्याच्या आधीचा आहे. एखादा माणूस भर सभेत उभा राहतो, तेव्हा त्याआधी कित्येक वर्षे कोणीतरी त्याला बसायला जागा दिलेली असते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांना ही जागा कोणी दिली, ती देण्यासाठी वेगळ्या संस्था का काढाव्या लागल्या आणि त्या टिकवताना त्यांना कोणती किंमत मोजावी लागली, हे पाहायचे आहे.

पहिले दार : आपली माणसे

बायर्ड रस्टिन यांच्यापासून सुरुवात करणे सोयीचे, कारण त्यांचा धागा आपल्यापर्यंत येतो. गांधीजींच्या हत्येनंतर काही महिन्यांनी, १९४८ मध्ये, ते भारतात येऊन गेले होते. अहिंसक प्रतिकाराचे तंत्र त्यांनी मनापासून अभ्यासले होते आणि १९५६ मध्ये माँटगोमेरीच्या बस-बहिष्काराच्या काळात तरुण मार्टिन ल्यूथर किंग यांना ते समजावून देणाऱ्यांत रस्टिन प्रमुख होते. परंतु १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे समलिंगी संबंधाच्या आरोपावरून त्यांना अटक होऊन तुरुंगवास भोगावा लागला होता, आणि ती नोंद आयुष्यभर त्यांच्या मागे लागली. १९६० मध्ये काँग्रेसमधील एका वजनदार कृष्णवर्णीय सदस्याने, ॲडम क्लेटन पॉवेल यांनी, किंग आणि रस्टिन यांच्या संबंधांविषयी अफवा उठवण्याची धमकी दिली. रस्टिन यांना किंग यांच्या कामातून बाजूला व्हावे लागले. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये दोन लाखांहून अधिक लोकांचा ऐतिहासिक मोर्चा निघाला. त्याची सारी आखणी रस्टिन यांची होती, पण संचालक म्हणून नाव लागले ज्येष्ठ कामगारनेते ए. फिलिप रँडॉल्फ यांचे. मोर्चाच्या काही दिवस आधी दक्षिणेतील सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांनी भर सिनेटमध्ये रस्टिन यांच्या अटकेचा विषय काढला, तेव्हा रँडॉल्फ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. म्हणजे चळवळीने रस्टिन यांना सांभाळलेही आणि पडद्याआडही ठेवले.

या दुहेरी वागण्याचे मूळ चर्चच्या स्थानात आहे. गुलामगिरीच्या आणि नंतरच्या वंशभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांच्या पूर्ण मालकीची म्हणावी अशी संस्था जवळजवळ एकच होती, ती म्हणजे चर्च. शाळा तिथे भरे, अडल्यानडल्याला मदत तिथे मिळे, मतदार नोंदणीच्या सभा तिथे होत आणि मरणाला खांदा देणारी माणसेही तिथलीच. अशा समाजात चर्चमधून तुटणे म्हणजे केवळ प्रार्थनेला मुकणे नव्हे, सगळ्या गणगोताला मुकणे. त्यामुळे एक न लिहिलेला करार झाला होता. गायकवृंदात पहिल्या रांगेत गाणारा मुलगा कसा आहे हे सर्वांना ठाऊक असे. त्याने ते बोलून दाखवले नाही म्हणजे झाले.

सगळेच नेते गप्प नव्हते. ब्लॅक पँथर पक्षाचे नाव मराठी वाचकाला नवे नाही. त्यावरूनच प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. त्या पक्षाचे एक संस्थापक ह्यूई न्यूटन यांनी ऑगस्ट १९७० मध्येच आपल्या कार्यकर्त्यांना जाहीरपणे सांगितले होते की समलिंगी मुक्तीची चळवळ ही आपली मित्र-चळवळ आहे आणि समलिंगी लोकांविषयी आपल्या मनात असलेली भीती आपण तपासली पाहिजे. त्या काळात हे विधान धाडसाचे होते. पण नेत्याचे एक भाषण आणि रविवारच्या चर्चमधला रिवाज यांत अंतर राहतेच.

दुसरे दार : आपल्यासारखी माणसे

मग दुसरे दार होते समलिंगी चळवळीचे. १९६९ च्या स्टोनवॉल उठावानंतर अमेरिकेच्या मोठ्या शहरांत समलिंगी लोकांच्या वस्त्या, मद्यालये, पुस्तकांची दुकाने, नियतकालिके उभी राहिली. कृष्णवर्णीय तरुण तिथे गेला की दारावरचा माणूस त्याच्याकडे ओळखपत्र मागे. एक दाखवले की दुसरे, दुसरे दाखवले की छायाचित्र असलेले तिसरे. मागून आलेला गोरा ग्राहक मात्र सरळ आत जाई. वॉशिंग्टनमध्ये या प्रथेविरुद्ध सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच निदर्शने झाली. १९८० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्थापन झालेल्या आणि लवकरच अनेक शहरांत शाखा निघालेल्या ‘ब्लॅक अँड व्हाइट मेन टुगेदर’ या संघटनेने अशा प्रकारांच्या नोंदी ठेवून त्याविरुद्ध मोहिमा चालवल्या.

आत प्रवेश मिळाला तरी भिंतीवरच्या चित्रांत, मासिकांच्या पानांत, कादंबऱ्यांत कृष्णवर्णीय पुरुष एक तर नसे, किंवा असला तर कोणाच्या तरी वासनेचा विषय म्हणून असे. जोसेफ बीम फिलाडेल्फियात ‘जोव्हानीज रूम’ नावाच्या दुकानात काम करीत. दुकानाचे नाव जेम्स बाल्डविन या कृष्णवर्णीय समलिंगी लेखकाच्या १९५६ सालच्या कादंबरीवरून ठेवलेले होते. पण त्याच दुकानातील फळ्यांवर बीम यांना स्वतःसारख्या माणसांविषयी वाचायला फारसे काही सापडेना. त्या कंटाळ्यातून आणि रागातून पुढे एक ग्रंथ जन्माला आला. त्याकडे नंतर येऊ.

स्वतःची खोली

१९७८ मध्ये वॉशिंग्टन आणि शेजारच्या मेरीलँडमधील काही कार्यकर्त्यांनी ‘नॅशनल कोअलिशन ऑफ ब्लॅक गेज’ ही राष्ट्रीय संघटना स्थापन केली. पुढे स्त्रियांचा समावेश नावातही करण्यात आला. ऑक्टोबर १९७९ मध्ये तिने वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीय आणि इतर गौरेतर समलिंगी स्त्री-पुरुषांची पहिली राष्ट्रीय परिषद भरवली. बीजभाषण कवयित्री ऑड्री लॉर्ड यांचे होते. त्याच दिवसांत समलिंगी हक्कांसाठीचा पहिला राष्ट्रीय मोर्चा वॉशिंग्टनमध्ये निघाला आणि परिषदेचे प्रतिनिधी त्यात सामील झाले. आपण या मोर्चातही आहोत आणि आपली स्वतंत्र परिषदही आहे, अशी ती भूमिका होती. वेगळी संस्था काढणे म्हणजे फुटून निघणे, असे या लोकांनी मानले नाही.

औपचारिक संघटनांच्या खाली अनौपचारिक जागांचा मोठा थर होता. वॉशिंग्टनमध्ये १९७५ ते १९९० पर्यंत ‘क्लबहाऊस’ नावाचे नृत्यगृह चालले. दरवर्षी मे महिन्याच्या शेवटच्या सुट्टीला तिथे मोठा सोहळा होई आणि गावोगावचे कृष्णवर्णीय समलिंगी लोक त्यासाठी येत. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात ‘हाऊस’ची पद्धत रुजली. घराबाहेर काढलेल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांना एखादी ज्येष्ठ व्यक्ती आपल्या पंखाखाली घेई; तिला ‘मदर’ किंवा ‘फादर’ म्हणत आणि मुले त्या घराचे नाव आडनावासारखे लावत. नृत्याच्या आणि वेशभूषेच्या स्पर्धांमुळे ही घरे प्रसिद्ध झाली, विशेषतः १९९० च्या ‘पॅरिस इज बर्निंग’ या माहितीपटानंतर. पण स्पर्धेची रात्र संपल्यावर या मुलांना जेवायला आणि झोपायला कुठे जायचे, याचे उत्तरही त्याच घरांत होते.

साथ येते तेव्हा

५ जून १९८१ रोजी अमेरिकी सरकारच्या रोगनियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या, साप्ताहिक अहवालात लॉस एंजेलिसमधील पाच तरुण समलिंगी पुरुषांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद आली. एड्सची ती पहिली छापील खूण. पुढची काही वर्षे वर्तमानपत्रांतून या आजाराचा जो चेहरा दिसला तो गोऱ्या, सुशिक्षित, शहरी पुरुषाचा होता. त्यामुळे कृष्णवर्णीय वस्त्यांत ‘हा गोऱ्या समलिंगी लोकांचा रोग’ असा समज पसरला. मात्र ऑक्टोबर १९८६ मध्ये सीडीसीनेच प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार लोकसंख्येत १२ टक्के असलेल्या कृष्णवर्णीयांचा एड्सच्या रुग्णांत वाटा २५ टक्के होता.

हे आकडे छापले जाण्यापूर्वीच काही माणसांनी आजूबाजूचे मृत्यू मोजले होते. १९८५ या एकाच वर्षी तीन शहरांत तीन कामे सुरू झाली. फिलाडेल्फियात रशिदा हसन या मुस्लिम परिचारिकेच्या पुढाकाराने ‘बेबाशी’ ही संस्था निघाली. कृष्णवर्णीयांनीच कृष्णवर्णीयांना लैंगिक आरोग्याची माहिती द्यायची, हे तिचे सूत्र. लॉस एंजेलिसमध्ये कार्ल बीन यांनी ‘मायनॉरिटी एड्स प्रोजेक्ट’ सुरू केला. हे बीन म्हणजे १९७७ मध्ये मोटाऊन कंपनीसाठी आपल्या समलिंगी असण्याचे गाणे गाऊन गाजलेले गायक. पुढे ते धर्मोपदेशक झाले आणि १९८२ मध्ये त्यांनी समलिंगी लोकांना सामावून घेणारे ‘युनिटी फेलोशिप चर्च’ स्थापन केले. चर्च सोडावे लागलेल्यांसाठी त्यांनी चर्चच काढले. वॉशिंग्टनमध्ये क्लबहाऊसशी निगडित असलेल्या रेनी चीक्स यांनी सहकाऱ्यासह एक आधारगट सुरू केला. त्याचे नाव ‘अस हेल्पिंग अस’, म्हणजे ‘आपणच आपल्याला’. औषध नव्हते. म्हणून आहार, ध्यान, श्वासाचे व्यायाम आणि मुख्य म्हणजे एकमेकांसमोर बसून बोलणे, असा तो कार्यक्रम होता. १९८८ मध्ये त्याची रीतसर नोंदणी झाली. पुढे जॉर्जिया अव्हेन्यूवर संस्थेची स्वतःची इमारतही झाली.

१९९० मध्ये क्लबहाऊस बंद पडले. तिथल्या कित्येक माणसांना या साथीने नेले होते. मे महिन्याची ती सुट्टी मोकळी जाऊ नये म्हणून वेल्मोर कुक, थिओडोर कर्कलंड आणि अर्नेस्ट हॉपकिन्स या तिघांनी २५ मे १९९१ रोजी हॉवर्ड विद्यापीठाजवळच्या बॅनेकर मैदानावर मेळावा भरवला. एड्सवर काम करणाऱ्या संस्थांसाठी निधी गोळा करणे हा हेतू होता. सुमारे ८०० माणसे आली. तो पहिला ‘ब्लॅक प्राइड’. आज अमेरिकेतील अनेक शहरांत हा सोहळा होतो आणि त्यात गाणे-नाचणे भरपूर असते. त्याचा उगम मात्र एका बंद पडलेल्या नृत्यगृहात आणि औषधपाण्याच्या वर्गणीत आहे.

शुक्रवारची चर्चा, शनिवारचे लेखन

१९८६ मध्ये धर्मोपदेशक चार्ल्स एंजल यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘गे मेन ऑफ आफ्रिकन डिसेंट’, थोडक्यात ‘जीमॅड’, ही संस्था स्थापन केली. तिचे पहिले आणि दीर्घकाळ चाललेले काम अगदी साधे होते : शुक्रवारी संध्याकाळी जमून बोलणे. आईला कसे सांगितले, नोकरीच्या ठिकाणी काय होते, जोडीदार आजारी पडला तर रुग्णालयात आपल्याला आत सोडतात का, म्हातारपणी काय करायचे, असे विषय. ज्याने आयुष्यात कधी स्वतःसारखी दहा माणसे एका खोलीत पाहिली नव्हती, त्याला इथे पन्नास दिसत. काळ्या पुरुषाने काळ्या पुरुषाकडे मायेने पाहणे, हेच त्याच्यासाठी नवीन असे.

त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये ‘अदर कंट्रीज’ ही लेखन-कार्यशाळा सुरू झाली. दर आठवड्याला लिहून आणायचे, वाचायचे, टीका सोसायची. १९८८ मध्ये तिचे नियतकालिक निघाले आणि १९९३ मध्ये एड्सच्या काळातील कृष्णवर्णीय समलिंगी लेखनाचा ‘सोजर्नर’ हा संग्रह. डोनाल्ड वुड्स आणि असोटो सेंट या वर्तुळातले. त्रिनिदादमध्ये जन्मलेले कॉलिन रॉबिन्सन जीमॅडमध्येही होते आणि अदर कंट्रीजमध्येही. चर्चा आणि लेखन ही दोन वेगळी कामे आहेत असे या मंडळींना वाटतच नव्हते.

आणि १९८६ मध्येच जोसेफ बीम यांनी संपादित केलेला ‘इन द लाइफ’ हा संग्रह आला. कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांच्या लेखनाचा हा पहिला मोठा संग्रह. बीम त्याच सुमारास राष्ट्रीय संघटनेच्या ‘ब्लॅक/आउट’ या नियतकालिकाचेही संपादक होते. ते दुसऱ्या संग्रहाची जुळवाजुळव करीत असताना डिसेंबर १९८८ मध्ये, चौतिसावा वाढदिवस काही दिवसांवर असताना, एड्सशी संबंधित आजाराने गेले. हस्तलिखिते तशीच राहिली. मग कवी एसेक्स हेम्पहिल फिलाडेल्फियात आले आणि बीम यांच्या आई डॉरथी बीम यांच्या मदतीने त्यांनी ते काम पुरे केले. १९९१ मध्ये ‘ब्रदर टू ब्रदर’ प्रसिद्ध झाले. एका आईने मुलाच्या मृत्यूनंतर त्याचे कागद जपले आणि त्याच्या मित्रासोबत बसून ग्रंथ पुरा केला, ही गोष्ट वुड्स यांच्या अंत्यविधीशेजारी ठेवून पाहावी. कुटुंब आणि संस्था यांच्यात दरी असलीच पाहिजे असे नाही, हे डॉरथी बीम यांनी दाखवून दिले.

१९८९ मध्ये मार्लन रिग्ज यांचा ‘टंग्ज अनटाइड’ हा चित्रपट आला. त्यात हेम्पहिल यांच्या कविता आहेत. दोन वर्षांनी तो सार्वजनिक दूरचित्रवाणीवर दाखवायचे ठरले, तेव्हा अनेक स्थानिक केंद्रांनी प्रक्षेपणास नकार दिला आणि १९९२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत पॅट ब्युकॅनन यांनी त्यातील दृश्ये प्रतिस्पर्ध्याविरुद्धच्या जाहिरातीत वापरली. सरकारी अनुदानाचा काही अंश चित्रपटाला मिळाला होता, हे निमित्त. रिग्ज एप्रिल १९९४ मध्ये गेले, हेम्पहिल नोव्हेंबर १९९५ मध्ये. प्रभावी संयुक्त औषधोपचार आला १९९६ मध्ये.

पैशाची अट

अनुदानाचा हा प्रश्न संस्थांनाही चुकला नाही. १९९० मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने एड्सग्रस्तांच्या सेवेसाठी रायन व्हाइट कायदा केला. १९९८ च्या अखेरीस काँग्रेसमधील कृष्णवर्णीय सदस्यांच्या दबावामुळे अल्पसंख्य समाजांतील एड्ससाठी १५.६ कोटी डॉलरची वेगळी तरतूद झाली. या पैशामुळे जीव वाचले, हे आधी स्पष्टपणे म्हटले पाहिजे. तपासणी केंद्रे निघाली, ज्यांना कुठे नोकरी मिळत नव्हती अशा तरुणांना पगारी काम मिळाले, संस्थांना भाडे भरता आले.

पण पैसा आला तो रोगासाठी. किती माणसांची तपासणी केली, किती निरोध वाटले, किती जणांशी ‘संपर्क’ झाला, याचे तक्ते भरायचे. शुक्रवारच्या चर्चेला तक्त्यात रकाना नव्हता. कवितेला तर नव्हताच. शब्दही बदलले. सार्वजनिक आरोग्याच्या भाषेत ‘पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष’ असा प्रवर्ग तयार झाला आणि त्याची तीन आद्याक्षरे, ‘एमएसएम’, रूढ झाली. स्वतःला समलिंगी न म्हणवणाऱ्या माणसापर्यंत पोचायला ही संज्ञा उपयोगी होती. पण नाव मिळवण्यासाठी एवढी झगडलेली माणसे सरकारी कागदावर पुन्हा निनावी झाली. शिवाय अनुदान एका रोगावर बेतलेले असले की त्याचे प्राधान्य बदलताच संस्थेचा पाया हलतो. या क्षेत्रातील अनेक लहान संस्था अशाच मिटल्या.

काही संस्थांनी यातून वाट काढली. न्यूयॉर्क राज्यातील जीमॅडसारख्या संस्थांच्या अनुभवातून ‘मेनी मेन, मेनी व्हॉइसेस’ हा सात बैठकांचा गट-कार्यक्रम तयार झाला आणि सीडीसीने पुढे तो देशभर पोचवला. उद्देश एचआयव्ही-प्रतिबंधाचाच, पण त्याची सुरुवात निरोधापासून होत नाही. कृष्णवर्णीय असणे आणि समलिंगी असणे या दोन ओळखी एकाच देहात बाळगताना काय होते, यावर आधी बोलायचे. शुक्रवारची चर्चा तक्त्यात बसवायची युक्ती त्यांना सापडली.

दोष कोणाचा

दरम्यान समाजात एक सोपे उत्तर फिरत होते : या पुरुषांत संसर्ग जास्त आहे, म्हणजे त्यांचे वागणेच बेजबाबदार असणार. २००४ च्या सुमारास, बायकोपासून लपवून पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या कृष्णवर्णीय पुरुषांविषयी पुस्तके आणि दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम गाजले आणि साऱ्या साथीचे खापर त्यांच्यावर फुटले.

२००६ मध्ये ग्रेग मिलेट आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित होता. कृष्णवर्णीय समलिंगी पुरुष गोऱ्या समलिंगी पुरुषांपेक्षा अधिक धोकादायक लैंगिक वर्तन करतात, याला आधार मिळेना. २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या मोठ्या विश्लेषणातही तेच दिसले. मग संसर्गात एवढा फरक का?

उत्तर माणसाच्या वागण्यात कमी आणि त्याच्या परिस्थितीत जास्त आहे. वंशभेदाने आखलेल्या वस्त्यांमुळे आणि त्या दारावरच्या ओळखपत्रांमुळे या पुरुषांचे वर्तुळ लहान राहिले. लहान वर्तुळात आधीच संसर्ग जास्त असेल, तर तितकीच काळजी घेणाऱ्या माणसालाही बाधा होण्याची शक्यता वाढते. त्यात आरोग्य विमा नाही, म्हणून तपासणी उशिरा. तपासणी उशिरा, म्हणून उपचार उशिरा. नियमित उपचाराने रक्तातील विषाणू इतका दबतो की लैंगिक संबंधातून तो दुसऱ्याला होत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. म्हणजे एकाला औषध न मिळणे हे साऱ्या वर्तुळाचे नुकसान असते. २०१६ मध्ये सीडीसीने अंदाज मांडला की त्या वेळच्या गतीनेच संसर्ग होत राहिला तर कृष्णवर्णीय समलिंगी व उभयलिंगी पुरुषांपैकी दर दोघांतील एकाला आयुष्यात कधीतरी एचआयव्ही होईल; गोऱ्यांत हेच प्रमाण दर अकरांत एक होते.

या संशोधनाने संस्थांच्या कामाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. माणसाच्या वागण्यातच दोष असता तर उपदेश पुरला असता. पण कारण एकटे पडणे, घाबरून दवाखान्यात न जाणे, विमा नसणे, घर नसणे हे असेल, तर आपली माणसे भेटतील अशी खोली हाच उपचाराचा भाग ठरतो. जीमॅडच्या शुक्रवारी नेमके हेच चालले होते.

आज आणि इथे

आज साथीचा भार अमेरिकेच्या दक्षिणेकडे सरकला आहे. नव्या निदानांपैकी सुमारे निम्मी तिथली आहेत. याच भागातील टेक्सास, मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया यांसारख्या राज्यांनी गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्याचा पूर्ण विस्तार स्वीकारलेला नाही. मिसिसिपीतील जॅक्सनमध्ये ‘माय ब्रदर्स कीपर’ ही संस्था ओपन आर्म्स नावाचे आरोग्यकेंद्र चालवते. अटलांटात चार्ल्स स्टीफन्स यांनी २०१४ मध्ये स्थापन केलेला ‘काउंटर नॅरेटिव्ह प्रोजेक्ट’ लेखन, इतिहास आणि धोरण यांवर काम करतो. एकीकडे दवाखाना, दुसरीकडे लेखणी. १९८६ ची जोडी अजून टिकून आहे. टिकेल किती, हे पैशावर अवलंबून आहे. एप्रिल २०२५ मध्ये सीडीसीच्या एचआयव्ही-प्रतिबंध विभागातीलच अनेकांना कामावरून कमी करण्यात आले.

आपल्याकडेही हा क्रम ओळखीचा वाटेल. मुंबईत १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक निघाले आणि १९९४ मध्ये अशोक राव कवी यांच्या पुढाकाराने हमसफर ट्रस्ट. पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट स्थापन केला. इथेही आधी कागद आणि भेटीची जागा, मग एड्ससाठीचा निधी आणि ‘एमएसएम’ हाच शब्द. आणि जातीचा प्रश्न इथेही दारात उभा आहे. समलिंगी म्हणून वस्तीत परके आणि दलित म्हणून समलिंगी वर्तुळात परके, असे दुहेरी परकेपण गेल्या दहा-बारा वर्षांत दलित समलिंगी तरुण उघडपणे मांडू लागले आहेत. वंश आणि जात एक नव्हेत. पण १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याचा निर्देश केला होता. त्या पत्रव्यवहाराचे हे पान अजून कोरे आहे.

हार्लेममध्ये न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाची शोमबर्ग सेंटर ही शाखा आहे. तिथे ‘इन द लाइफ’ याच नावाचा संग्रह असून कृष्णवर्णीय समलिंगी स्त्री-पुरुषांची आणि त्यांच्या संस्थांची कागदपत्रे त्यात जपलेली आहेत. जोसेफ बीम यांचे कागदही शोमबर्गमध्येच आहेत. ज्या माणसांच्या निधनवार्तेत मृत्यूचे कारणही खरे छापले गेले नाही, त्यांची पत्रे, बैठकींची इतिवृत्ते आणि कवितांचे कच्चे खर्डे आता कोणालाही मागून वाचता येतात. डोनाल्ड वुड्स कोण होते हे सांगण्यासाठी आता कोणाला अंत्यविधीत उठून उभे राहावे लागत नाही.